ओटीवरची खरेदी: आधी कागद, मग पैसे

सोयाबीन बाजार समितीत गेलं, कापसाचे पैसे खात्यात जमा झाले, की गावात अनोळखी मोटारसायकली फिरू लागतात. मागे खोकं बांधलेलं, पाठीला बॅग, बोलणं गोड. कुणाकडे पाणी शुद्ध करायचं मशीन, कुणाकडे गॅसची नळी, कुणाकडे गुडघेदुखीवरचं तेल, कुणाकडे पिकाचं टॉनिक. वेळही बरोबर दुपारची साधलेली असते. कर्ती माणसं शेतात आणि घरात म्हातारी माणसं, नाहीतर एकटी बाई. अर्ध्या तासात व्यवहार उरकतो आणि महिन्याभरात पस्तावा सुरू होतो.

मग जे प्रश्न विचारले जातात ते वर्षानुवर्षं तेच आहेत. घेतलेली वस्तू परत करता येते का? बिलच दिलं नाही, आता तक्रार कशी करायची? कंपनी दिल्लीची, आम्ही हिंगोलीचे. तिकडे कोण हेलपाटे घालणार? आणि सगळ्यात अवघड प्रश्न म्हणजे, विकायला आलेला आपल्याच भावकीतला असेल तर?

पहिल्याचं उत्तर ‘वस्तू कुणी आणि कशी विकली त्यावर’ असं आहे. दुसऱ्याचं ‘तरीही करता येते’. तिसऱ्याचं उत्तर तर सरळ तुमच्या बाजूचं आहे, हेलपाटे घालायची गरज नाही. भावकीचं मात्र जरा सविस्तर बघावं लागेल.

आधी ओळखा, दारात कोण उभं आहे

दारावर येणारा प्रत्येक जण लबाड नसतो. कासार, बोहारीण, घोंगडीवाला, कापडाचं गाठोडं घेऊन फिरणारा हे लोक दरवर्षी त्याच घरी येतात, उधारी शब्दावर चालते आणि फसवलं तर पुढच्या वर्षी गावात पाऊल टाकायची सोय राहत नाही. तिथे कायद्याचं पुस्तक उघडायची वेळ सहसा येत नाही.

दुसरा असतो पगारावर किंवा कमिशनवर काम करणारा कंपनीचा सेल्समन. तिसरा नेटवर्कमधला वितरक. तो माल विकतो आणि जमलं तर तुम्हालाही ‘जॉइन’ करून घेतो. चौथा निव्वळ चोर. हातात माल फक्त दार उघडून घेण्यापुरता.

तिसऱ्या प्रकारासाठी कायदा बराच स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘थेट विक्री’ची व्याख्या आहे, म्हणजे कायमस्वरूपी दुकानाऐवजी विक्रेत्यांच्या जाळ्यामार्फत केलेली विक्री. तिच्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये वेगळे नियम केले. त्या नियमांप्रमाणे असा विक्रेता ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय किंवा तुमची परवानगी घेतल्याशिवाय तुमच्या घरी येऊच शकत नाही. खेड्यात हे पाळलं जाताना क्वचितच दिसतं. म्हणूनच ओळखपत्र मागताना संकोच वाटायचं कारण नाही. तुम्ही त्याचा अपमान करत नसता, त्याने आपणहून करायचं काम त्याच्याकडून करून घेत असता.

पैसे देण्याआधी काय मागायचं

नियमांप्रमाणे विक्रेत्याने बोलणं सुरू करतानाच स्वतःची ओळख, कंपनीचं नाव-पत्ता आणि येण्याचा हेतू सांगायचा असतो. पुढे विक्री होताना किंवा त्याआधी ऑर्डर फॉर्म द्यायचा असतो. त्या फॉर्मवर हे असायला हवं:

- कंपनीचं आणि विक्रेत्याचं नाव, पत्ता, विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक आणि फोन
- वस्तूचं पूर्ण वर्णन आणि ती कुठल्या देशात बनली ते
- तारीख आणि एकूण रक्कम
- ऑर्डर रद्द करण्याचा, किंवा पुन्हा विकता येईल अशा स्थितीतली वस्तू परत करून पूर्ण पैसे मिळवण्याचा हक्क
- तक्रार कुठे आणि कशी करायची याची माहिती

चौथा मुद्दा नीट वाचा. भारतात दुकानातून घेतलेली वस्तू ‘मन बदललं’ म्हणून परत करण्याचा सरसकट हक्क ग्राहकाला नाही. थेट विक्रीत मात्र परतीची माहिती लेखी देणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. फॉर्मवर ती नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

विक्रेता साधा सेल्समन असेल तर निदान पक्कं बिल घ्या. पाकीटबंद वस्तूवर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन किंवा नग, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापलेला असावा लागतो. किमतीवर स्टिकर चिकटवलेला दिसला तर तो उचलून खाली काय छापलंय ते बघा. ‘साडेसात हजाराचं तुम्हाला तीन हजारात’ या बोलण्यातले साडेसात हजार बऱ्याचदा त्या स्टिकरपुरतेच असतात.

पैसे शक्यतो यूपीआयने द्या. स्कॅन केल्यावर येणारं नाव बिलावरच्या नावाशी जुळतं का ते बघून मगच पिन टाका.

पाणी काळं कसं होतं

घरोघर दाखवला जाणारा सगळ्यात परिणामकारक खेळ पाण्याचा आहे. टेबलावर दोन ग्लास ठेवतात. एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात विक्रेत्याच्या आरओ मशीनचं. वर चार कांड्या असलेलं छोटं विजेचं यंत्र बसवतात, बटण दाबतात आणि मिनिटभरात तुमचं पाणी आधी हिरवट, मग गंजासारखं तपकिरी, शेवटी काळपट होतं. दुसरा ग्लास जवळपास स्वच्छ राहतो. ‘बघा काकू, हे रोज पोटात जातंय.’ ते गाळाचं पाणी पाहिल्यावर कुणाचाही जीव दचकेल.

त्या कांड्यांपैकी काही लोखंडाच्या असतात. वीज सोडली की लोखंडच विरघळतं, आणि जो गाळ दिसतो तो त्याचाच असतो. तुमच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात, त्यामुळे त्यातून वीज वाहते. आरओच्या पाण्यातले क्षार काढून टाकलेले असतात, त्यामुळे तिथे फारसं काही घडत नाही. खात्री करायची असेल तर यंत्राचा प्लग काढायला लावा, विक्रेत्याच्या ‘शुद्ध’ ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि त्यालाच पुन्हा चालू करायला सांगा. तेही पाणी रंग बदलेल. एवढं मीठ मागितलं तरी बरेच विक्रेते ‘पुढच्या घरी वेळ दिलीय’ म्हणून सामान आवरतात.

टीडीएस मीटरचंही तसंच. तो विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, जंतू दाखवत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतं. मीटरवर ३५० दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही.

याचा अर्थ आरओ निरुपयोगी असा नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तिथे त्याचा उपयोग होतो. पण आरओ बरंच पाणी सांडतो आणि मार्च-एप्रिलात टँकरची वाट बघणाऱ्या गावाला ते परवडत नाही. तेव्हा आधी पाणी तपासा. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणी संचाचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावचा संच कुठे आहे ते ग्रामपंचायतीत विचारा. सविस्तर अहवाल हवा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. अहवाल हातात आल्यावर कोणतं मशीन घ्यायचं हे दुकानात जाऊन ठरवता येतं.

गॅसवाले आणि दागिने उजळवणारे

‘गॅस कंपनीकडून तपासणीला आलोय, नळी बदलली नाही तर कनेक्शन बंद होईल’ असं सांगणाऱ्याला ओट्यापर्यंत येऊ देऊ नका. गॅस पुस्तकावर तुमच्या एजन्सीचा नंबर असतो. त्याच्यासमोर फोन लावा. गळतीची खरी शंका असेल तर १९०६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

सोनं-चांदी-तांबं पावडरने चमकवून देणाऱ्यांबद्दल सल्ला एकाच ओळीचा. दागिना हातात देऊ नका, दार लावा, ११२ ला कळवा.

बांधावर येणारं टॉनिक आणि बियाणं

इथे नुकसान एका मशीनच्या किमतीपुरतं राहत नाही, पूर्ण हंगाम जातो. बियाणं, खतं, कीटकनाशकं विकायला परवाना लागतो आणि बिल द्यावंच लागतं. ‘टॉनिक’, ‘स्टिम्युलंट’ म्हणून खपवली जाणारी जैव उत्तेजकं २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, त्यामुळे ‘हे सेंद्रिय आहे, याला परवाना लागत नाही’ हे बोलणं ऐकून सोडून द्यायचं.

विदर्भात तणनाशक सहन करणाऱ्या कापसाचं बियाणं, म्हणजे चोरबीटी, दरवर्षी असंच घरपोच येतं. हे वाण असावं की नसावं यावर वाद आहे. जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यात ते उघडपणे पेरून आंदोलनही केलं होतं. तुमची भूमिका काहीही असो, व्यवहाराची बाजू लक्षात घ्या. मान्यता नसलेल्या बियाण्याचं बिल मिळत नाही, पाकिटातलं बियाणं खरंच तेच आहे का हे कळायला मार्ग नाही, आणि उगवलं नाही तर भरपाई मागायला कुणी सापडत नाही.

याउलट बिल असलेलं बियाणं वांझ निघालं तर शेतकऱ्याची बाजू भक्कम असते. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली शेतकरी हा ग्राहकच आहे आणि तो ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो, असा निकाल दिला. त्यासाठी बिल, रिकामी पिशवी, तिच्यावरचा टॅग आणि मूठभर उरलेलं बियाणं जपून ठेवा. उगवण झाली नाही असं दिसताच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन पंचनामा करून घ्या. शेत नांगरून टाकल्यावर अर्ज देण्यात काही हशील नाही.

सौर पंपाच्या नावाने फिरणाऱ्यांबद्दलही सावध राहा. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा साधारण १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के आहे आणि अर्ज महावितरणकडे होतो. तो हिस्सा कुणा एजंटाच्या हातात रोख द्यायचा नसतो.

साखर, सांधे आणि ‘फूड सप्लिमेंट’

दारावर विकल्या जाणाऱ्या पावडरी-गोळ्यांच्या डब्यावर बारीक इंग्रजी अक्षरात ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ असं छापलेलं सापडतं, म्हणजे औषध म्हणून वापरू नये. तोंडाने मात्र ‘तीन महिन्यांत साखर मुळापासून जाते’ असं सांगितलं जातं. मधुमेह, कर्करोग, पक्षाघात, मुतखडा अशा आजारांवर इलाजाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधी व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. डब्यावर १४ आकडी अन्न परवाना क्रमांक असेल तर ते अन्न आहे, एवढाच त्याचा अर्थ. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून हे सुरू करा, असं कुणी सांगितलं तर त्याचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे जाते.

हप्ता, अंगठा, ओटीपी

‘पैसे आता देऊच नका, महिन्याला फक्त पाचशे’ हे वाक्य बिनव्याजी उधारीसारखं ऐकू येतं. प्रत्यक्षात आधार क्रमांक, एक फोटो आणि ओटीपी घेऊन तुमच्या नावावर कर्ज निघालेलं असू शकतं. मशीन बिघडलं तरी हप्ता थांबत नाही, कारण पैसे देणारी वित्तसंस्था वेगळी असते. सही करण्याआधी कर्ज कुणाचं, व्याज किती आणि एकूण परतफेड किती हे सांगणारा कागद मागा. अंगठा लावायचं यंत्र पुढे केलं तर स्वच्छ नकार द्या. खात्यातून पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा. इथे तास-दोन तासांचाही फरक पडतो.

बचत गटाच्या बायकांना मायक्रोफायनान्सच्या कर्जासोबत मिक्सर, दिवा किंवा विमा ‘घ्यावाच लागतो’ असं सांगितलं जातं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार अशी सक्ती करता येत नाही. वेगळी वस्तू तुमच्या पूर्ण संमतीनेच द्यायची असते. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायलाही मनाई आहे. तक्रारीसाठी रिझर्व्ह बँकेचा क्रमांक १४४४८. विमा गळ्यात मारला असेल तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

‘तुमच्या गावाची निवड झालीय’

खरवडायचं कूपन देतात, त्यात फ्रिज किंवा टीव्ही निघतो, आणि तो ‘सत्तर टक्के सवलतीत’ मिळवायला आगाऊ रक्कम मागतात. गाडी पुन्हा गावात येत नाही. दुसरा प्रकार असा: दर महिन्याला वर्गणी भरायची, सोडतीत ज्याचं नाव निघेल त्याला वस्तू मिळणार आणि त्याचे पुढचे हप्ते माफ. गावात याला कुणी गुन्हा मानत नाही, पण १९७८ च्या बक्षीस चिट्स व पैसा फिरवणाऱ्या योजनांवरील बंदी कायद्यात नेमकं हेच येतं. अशा योजनेचं कार्ड गोळा करायचं काम तुम्ही करत असाल तर तुम्हीही त्यात अडकू शकता.

‘तुम्हीच एजंट व्हा’

आता भावकीचा प्रश्न. चुलतभाऊ सदरा घालून येतो, ‘प्लॅन दाखवायचाय’ म्हणतो, वहीत वर्तुळं काढतो. एकाखाली पाच, पाचाखाली पंचवीस. हिशेब पुढे चालवून बघा: १२५, ६२५, ३१२५. पाचव्या पायरीलाच तीन हजार वस्तीचं गाव संपतं आणि सगळ्यात खालच्या ओळीतल्यांना जोडायला कुणी उरत नाही.

सहा वर्षांचा पोरगाही सदस्य झाला असं गृहीत धरून हा हिशेब आहे!

नेटवर्कमधला प्रत्येक धंदा बेकायदा नसतो. कसोटी अशी: कमाई माल ग्राहकाला विकून होते, की माणसं जोडून? माणसं जोडण्यावर चालणारी पिरॅमिड योजना २०२१ च्या नियमांनी बंद केली आहे. वैध कंपनीला तुमच्याकडून प्रवेश फी घेता येत नाही, दाखवायच्या सामानाचे पैसे मागता येत नाहीत, आणि वाजवी मुदतीत विकला जाणार नाही इतका माल तुमच्या गळ्यात मारता येत नाही. लेखी करार द्यावा लागतो आणि ठरावीक मुदतीत दंडाशिवाय बाहेर पडायची सोय त्यात असावी लागते. ‘कंपनी सरकारमान्य आहे’ म्हणून दाखवलं जाणारं प्रमाणपत्र बहुधा कंपनी नोंदणीचं असतं. नोंदणी कोणत्याही कंपनीची होते.

एक अडचण आधीच माहीत असू द्या. पुढे विकण्यासाठी माल घेतला की ग्राहक म्हणून दाद मागणं कठीण जातं. म्हणून ‘आधी एक नग वापरून बघते’ म्हणून घरासाठी घेतलेला माल आणि ‘स्टॉक’ यांची बिलं वेगळी ठेवा.

आणि चुलतभावाला काय सांगायचं? ‘करार ठेवून जा, घरात दाखवते, आठ दिवसांनी सांगते.’ भीड भिकेची बहीण असं जुनी माणसं म्हणायची ती अशाच प्रसंगांसाठी. नातं आठ दिवस थांबल्याने तुटत नाही. आज रात्रीच ऑफर संपते असं तो म्हणाला, तर त्याच्यावरच्या माणसाने त्याला पढवून पाठवलंय एवढं समजून घ्या आणि चहा पाजून वाटेला लावा.

फसलात, तर पुढे काय

१. वस्तू वापरणं थांबवा. खोकं, पावती, विक्रेत्याचं कार्ड, व्हॉट्सॲपवरचे निरोप, यूपीआयची नोंद असं सगळं एका पिशवीत ठेवा. बिल नसेल तरी या गोष्टी पुरावा म्हणून चालतात. बिल न देणं हीच मुळात कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे.

२. कंपनीला लेखी कळवा. थेट विक्री कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, ४८ कामकाजी तासांत पोच द्यावी लागते आणि सहसा महिन्याभरात तक्रार सोडवावी लागते. ‘तो आमचा माणूस नाही’ म्हणून हात वर करता येत नाहीत. वितरकाने केलेल्या विक्रीच्या तक्रारींना कंपनी जबाबदार असते. सदोष वस्तू परत घ्यायला, बिलावर मुदत नसेल तर, ३० दिवसांत नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच.

३. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. बरीच प्रकरणं इथेच मिटतात.

४. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे हिंगोलीच्या माणसाने हिंगोलीतच. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल करता येते. लिहिता येत नसेल तर तालुक्यातल्या ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना भेटा. पुण्यात १९७४ साली सुरू झालेल्या या चळवळीचे लोक बऱ्याच तालुक्यांत आहेत.

५. कंपनीचाच पत्ता लागत नसेल, विक्रेता फरार असेल, तर प्रकरण पोलिसांचं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीचा गुन्हा येतो. गावात आणखी कुणाकुणाची फसवणूक झाली ते विचारून एकत्र जा. एका माणसाच्या दोन हजारांच्या तक्रारीकडे कानाडोळा होतो, वीस सह्यांच्या अर्जाकडे सहसा होत नाही.

ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे. व्यवहाराची तारीख पावतीवर नसेल तर आजच आठवून वहीत लिहून ठेवा, सोबत त्या वेळी घरात कोण होतं त्यांची नावं.